धमतरहिन आणि तू

आई,

तुझं सगळ्यात मोकळं हसू मी नेहमी दाराबाहेरून ऐकलं. रायपूरच्या बूढापाऱ्यातल्या त्या भाड्याच्या वरच्या मजल्यावर स्वयंपाकघर आणि मोरी यांच्यामध्ये एक उंबरठा होता. पलीकडे ती बसायची, राखेचं डबडं आणि भांड्यांचा ढीग पुढ्यात घेऊन. अलीकडे तू, भाजी निवडत. मी शाळेतून येऊन जिना चढत असले की तुमचे आवाज खालपर्यंत यायचे. ती छत्तीसगढीत काहीतरी सांगायची, तू तुझ्या वर्धेकडच्या मराठीत अर्धी हिंदी मिसळून उत्तर द्यायचीस, आणि मग दोघी अशा हसायच्या की मी पायरीवरच थांबायचे. आत पाऊल टाकलं की हसू बंद. तू म्हणायचीस, "हात धुतले का?" मी धुवायचे. मग तू वाढायचीस, मी जेवायचे, आणि तुझा चेहरा पुन्हा रोजचा झालेला असायचा. ती काय सांगते म्हणून तू एवढी हसतेस, हे मी एकदा विचारलंही होतं. "काही नाई वं, असंच," म्हणालीस. आमच्या वाट्याला कायम ते 'असंच' आलं.

तिला आपण धमतरहिन म्हणायचो. इकडे सासरी आलेल्या बाईला तिच्या माहेरच्या गावावरून हाक मारतात. ही धमतरीकडची, म्हणून धमतरहिन. सासर आरंगच्या रस्त्याला, आत कुठंतरी. धानाची कापणी झाली की गावात हाताला काम नसायचं, मग नवरा-बायको पोरं आणि दोन पातेली घेऊन शहरात, गुढियारीत खोली करून राहायचे. तो मालधक्क्यावर पोती उचलायचा, ती आपल्याकडची आणि शेजारची भांडी घासायची. आषाढ लागला की परत गावाला. म्हणजे वर्षातले काही महिने तू हसायचीस आणि काही महिने नाही, आणि घरात हे माझ्याशिवाय कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. बाबांना तर नाहीच. पुढेपुढे त्यांना नव्या राज्याचंच कौतुक होतं. रायपूर राजधानी झालं, त्यांची कचेरीतून मंत्रालयात बदली झाली, आणि रात्रीच्या जेवणाला रोज एक नवी बातमी ताटाशी यायला लागली. कुठल्या खात्याचा सचिव कुठं बसतो, नवी राजधानी कुठं उभी राहणार, रस्ते किती रुंद होणार. तू पोळ्या वाढत ऐकायचीस.

माझ्या लग्नानंतर एकदा मी माहेरी आले असताना त्यांनी रोजगार गारंटीचं सांगितलं. आता कायदाच आला म्हणे, गावातल्या माणसानं काम मागितलं की सरकारला द्यावंच लागणार, तळं खोदा, रस्ता करा, बांध घाला, पण द्यायचं. तुझा हात तव्यावर थांबला.

"बायकांलेही?"

"बायकांनाही. पुरुषांइतकीच मजुरी."

"मागितलं की देतेत?"

"कायदा आहे तसा."

"अन् शहरातल्या बायकांले?"

बाबा हसले. वाईट हसले नाहीत, एखाद्या लहान मुलीच्या प्रश्नाला हसावं तसे. "तुला कशाला पाहिजे काम? आपल्या घरात काय कमी आहे?" तू पोळी उलटवलीस. हे वाक्य तू ऐकायची ती पहिली वेळ नव्हती. लग्नाआधी तू गावच्या बालवाडीत शिकवत होतीस. रायपूरला आल्यावर जवळच्याच एका शाळेनं तुला विचारलं होतं, तेव्हाही बाबा हेच म्हणाले होते, आणि तेव्हाही तू काहीतरी उलटवलंच असशील.

त्याच वर्षी हिवाळ्यात मी बाळंतपणाला नागपूरहून तुझ्याकडे आले, आणि त्याच हिवाळ्यात धमतरहिन आली नाही. दर वर्षी दत्तजयंतीच्या आगेमागे ती जिन्यात हजर असायची. पौष गेला, माघ गेला. माझी मुलगी झाली. तू माझं सगळं केलंस, शेक, डिंकाचे लाडू, रात्रीची जागरणं, एकाही गोष्टीत कमी पडली नाहीस. पण जिन्यात पाऊल वाजलं की तुझं डोकं वर व्हायचं. गुढियारीला निरोप पाठवलास, तर ते लोक यंदा उतरलेच नाहीत असं कळलं. तुला वाटलं आजारी असेल, नाहीतर दूर कुठं वीटभट्टीवर गेले असतील. चैत्र लागल्यावर एका सकाळी तू म्हणालीस, "मी जाऊन पाहून येते. मले चैन पडून नाई राहिली." मला ते लागलं. दीड-दोन महिन्यांची तुझी नात पाळण्यात होती आणि तुला चैन पडत नव्हती ती भांडीवालीसाठी.

तू दुपारी परत आलीस ती पायांना पोटरीपर्यंत लाल मुरूम माखून. पाणीही न पिता सांगायला लागलीस. ती आजारी नव्हती, काही नव्हती. गावात गारंटीचं काम निघालं होतं, जुनं तळं खोल करत होते. दीडशे-दोनशे माणसं, त्यात बायाच जास्त. एकेकीला आखून दिलेला खड्डा, त्याला गोदी म्हणतात. नवरा खोदतो, बायको माती झउह्यात भरून, म्हणजे टोपलीत, डोक्यावरून बांधावर टाकते. तू तिला म्हणालीस, आली नाहीस ती? तर ती टोपली खाली न ठेवताच म्हणाली, "काबर आबो दीदी? अब इहें बुता हे." कशाला येऊ, आता इथंच काम आहे. हे वाक्य तू मला तिच्या आवाजात म्हणून दाखवलंस, दोनदा. मला वाटलं तुला वाईट वाटलं असेल. पण तुझे डोळे निराळेच दिसत होते. "हाजरी घेतेत तिथं," म्हणालीस. "सकाळी सगळ्यायले उभं करतेत अन् एकेकीचं नाव घेतेत." तिथं तान्ही पोरं मातीच्या ढिगाला टेकवून ठेवलेली होती, उन्हात. त्यांना सांभाळायला एक बाई ठेवायची असा नियम आहे म्हणे, पण कुणी ठेवलेली नव्हती. धमतरहिननं त्यातलं एक तुझ्या हातात दिलं होतं, "थोकिन धर लेव दीदी," जरा वेळ धरा म्हणून, आणि तू धरलंस.

दुसऱ्या दिवशी तू पहाटे उठून गेलीस. जाताना जुनी लुगडी घेऊन गेलीस, झोळ्या बांधायला. तिसऱ्या दिवशीही गेलीस. मग ते रोजचंच झालं. ऊन चढायच्या आत काम असायचं, म्हणून तू अंधारात निघायचीस आणि दुपारी परतायचीस. माझ्या मुलीला न्हाऊमाखू घालायला तू पगारी बाई लावलीस. मी पलंगावर पडून पाहायचे, ती बाई माझ्या लेकीच्या टाळूवर तेल थापते आहे, आणि मला दिसायचं की त्याच वेळी तू कुठल्यातरी अर्जुनाच्या झाडाखाली बसून कुठल्यातरी पोराचं नाक पुसते आहेस. मी माहेरपणाला आले होते. पहिलटकरीण होते. आयुष्यात एकदा माझा तुझ्यावर सगळ्यात जास्त हक्क होता, आणि तेव्हाच तू पहाटेच्या बसनं निघून जात होतीस. बाबा चिडले, मंत्रालयातल्या कुणीतरी तुला बसमध्ये पाहिलं होतं. "लोक काय म्हणतील? मजुरांची पोरं सांभाळते?" तू त्यांच्या डब्यात पोळ्या ठेवत म्हणालीस, "पोरंच सांभाळते ना. आतापर्यंतही तेच केलं." बाबा डबा उचलून निघून गेले. मला खूप सुचत होतं, पण ते बोलायचं म्हणजे मी कुणावर जळते आहे ते सांगावं लागलं असतं.

शेवटी मी गेलेच. मुलीला दुपट्यात गुंडाळून, आरंगच्या बसनं, तुला घरी आणायचं असं ठरवून. फाट्यावर उतरून बरंच चालावं लागलं. बांधावर चढल्यावर आधी काहीच नीट दिसेना, नुसती धूळ आणि रंगीत लुगडी वरखाली होताना. मग झाड दिसलं. फांद्यांना तुझ्या लुगड्यांच्या झोळ्या लोंबत होत्या. मला लहानपणी ज्या पिवळ्या लुगड्याच्या पदराखाली झोप यायची, त्यात कुणाचं तरी पोर झोपलं होतं. तू मांडी घालून बसली होतीस, भोवती सात-आठ पोरं. एक लहानशी पोरगी तुझ्या गुडघ्यावर डोकं ठेवून होती आणि तू तिच्या केसांतून बोटं फिरवत म्हणत होतीस, "झोप वं चिमणे, झोप." चिमणे. आई, ती हाक माझी होती. माझ्या मुलीलाही तू त्या हाकेनं कधी बोलावलं नव्हतंस. मी समजत होते की ती माझी म्हणून तू राखून ठेवली आहेस. मी तिथंच उभी राहिले. तू वर पाहिलंस आणि म्हणालीस, "अवं, एवढ्या उन्हात लेकराले काहून आणलं?" मी काही बोलणार तोच तू सरकून जागा केलीस आणि माझी मुलगीही त्या पोरांत ठेवून घेतलीस. त्यांच्यातलीच एक.

तेवढ्यात रोजगार सहायक आला. गावातलाच शिकलेला तरुण, गळ्यात गमछा, हजेरीचे कागद हातात. सकाळची हजेरी पडताळायला तो बायांना एकेक करून हाक मारायला लागला. प्रत्येकीचं पूर्ण नाव. धमतरहिनचंही त्यानं घेतलं, आणि मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की तिला एक नाव आहे. ती गोदीतून ओरडली, "हव!" म्हणजे हो. त्या 'हव'मध्ये काय होतं कोण जाणे, तू उठलीस. पदर खोचलास आणि सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिलीस.

"मेरा नाम भी लिखो."

तो गोंधळला. मग अदबीनं हसला. "अम्मा, ये तो गाँव के गरीब परिवारों के लिए है. जॉब कार्ड चाहिए. आप तो शहर की हैं, बड़े घर की."

"बच्चे कौन सँभाल रहा है?"

"वो तो आपकी मेहरबानी है, अम्मा."

"मेहरबानी नहीं है. काम है. लिखो."

आजूबाजूच्या बाया थांबल्या होत्या. कुणीतरी तोंडाला पदर लावून हसलं. मला तर जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. तो बिचारा म्हणाला की लिहिता येत नाही, नियमच नाही. मग तू इकडेतिकडे पाहिलंस, आणि जवळच भरून ठेवलेला एक झउहा दोन्ही हातांनी उचललास. कुणाला काही कळायच्या आत तो डोक्यावर घेऊन तू बांध चढायला लागलीस. चुंबळही नव्हती डोक्यावर. पहिली खेप कशीबशी नेलीस. दुसऱ्या खेपेला पाय घसरला, टोपली कलंडली आणि सगळी माती तुझ्या केसांत, ब्लाउजात, डोळ्यांत. बाया खो खो हसल्या. मीही हसले असेन. एकटी धमतरहिन हसली नाही. ती गोदीतून वर आली, तुझ्या हातातला झउहा काढून घेतला आणि तुझ्या डोळ्यांतली माती आपल्या पदरानं पुसली. एरवी ती तुला 'आप' म्हणायची. त्या दिवशी म्हणाली नाही. हळूच बोलली, पण मी जवळच होते.

"तोला भूख नइ लगे हे, दीदी. तोर घर म चाउर हे. ए ह खेल नोहे."

तुला भूक लागलेली नाही. तुझ्या घरी तांदूळ आहे. हा खेळ नव्हे.

आई, ती खोटं बोलली नव्हती. ज्यांच्या घरी कापणीनंतर दोन महिन्यांत कणगी रिकामी होते, ज्यांना त्या कामापायी पहिल्यांदा गाव सोडावं लागलं नव्हतं, त्यांच्या रांगेत तू उभी राहून नाव मागत होतीस. पण मी तुझा चेहरा पाहिला. बाबा तेच म्हणाले होते, घरात काय कमी आहे, आणि ते तू इतकी वर्षं सोसलं होतंस. तिच्या तोंडून आलेलं तुला सोसलं नाही. तू झाडाखाली आलीस, चपला घातल्यास, माझ्या मुलीला उचललंस आणि म्हणालीस, "चल."

बसमध्ये तू खिडकीशी बसलीस. केसांत माती तशीच. मी मनातून खूश होते, मला जे हवं होतं ते न भांडता मिळालं होतं. मंदिर हसौद गाव मागे पडल्यावर तू म्हणालीस, "तुले बरं वाटलं नं?" मी म्हटलं, "कशाचं?" तू म्हणालीस, "वाटू दे. मलेही तसंच होते तिच्याकडं पाहून. जळते मी तिच्यावर." मी म्हटलं, "आई, ती माती वाहते. तिच्यावर काय जळायचं?" तू माझ्या मुलीचं दुपटं सारखं केलंस. मग म्हणालीस, "तिचं नाव घेतेत वं. मोठ्यानं, चारचौघांत. अन् ती 'हव' म्हणते. माह्यं नाव कोनं घेतलं शेवटचं, तुले आठवते?" मी आठवायचा प्रयत्न केला. बाबा म्हणायचे 'ऐकलं का'. शेजारी वहिनी, आम्ही आई, वर्धेची माणसं माई. मला खरंच आठवलं नाही. घर येईपर्यंत आठवलं नाही. मला तुझी कीव यायला हवी होती, पण आला तो रागच. कारण हे तू मला बसमध्ये, तेही मी विचारल्यावर सांगत होतीस, आणि मला खात्री होती की उंबरठ्यापलीकडे बसलेल्या तिला हे केव्हाचं ठाऊक असणार.

त्यानंतर तू घरीच राहिलीस. पगारी बाईला काढून टाकलंस. माझ्या मुलीला स्वतः न्हाऊ घातलंस, धुरी दिलीस, पायांवर निजवलंस. मला माझी आई पूर्ण मिळाली होती आणि तिच्यात कुणी नव्हतं. विचारलेल्याला उत्तर देत होतीस, एवढंच. मग एका दुपारी जिन्यात पाऊल वाजलं. गावच्या बाजाराचा, कामाच्या सुट्टीचा दिवस होता तो. ती बोहारभाजीचं, म्हणजे भोकराच्या कळ्यांच्या भाजीचं, गाठोडं घेऊन आली होती, तुला आवडते म्हणून झाडावर चढून तोडलेली. रोजच्या जागी बसली, उंबरठ्यापलीकडे. तू गॅसकडे तोंड करून उभी. मी मधल्या खोलीत मुलीला पाजत होते, आणि या वेळी कानात प्राण आणून ऐकत होते.

ती म्हणाली, पोरं तुला विचारतात. तू गॅस बारीक केलास. ती म्हणाली, मी मेटला, म्हणजे कामावरच्या मुकादमाला, सांगून ठेवलंय, गावात एक म्हातारी आहे, गुडघे गेलेली, टोपली उचलवत नाही, कार्ड आहे तिच्याजवळ. पोरं सांभाळायला तिचं नाव लागलंय. मग ती म्हणाली, पण म्हातारीला काही येत नाही, पोरं रडून रडून जीव टाकतात, "तैं सिखा दे."

तू वळलीस. "नाव तिचं, आणि शिकवायचं मी?"

"हव," ती म्हणाली.

मग तू हसायला लागलीस. आधी नाकातल्या नाकात, मग मोठ्यानं, मग तीही, आणि भाजीचं गाठोडं सोडता सोडता तुम्ही दोघी इतक्या हसलात की माझी मुलगी दूध सोडून दचकली. मी तिला थोपटत बसून राहिले. त्या उंबरठ्यावरचं भांडण मिटायला तुम्हाला एक 'हव' पुरला. तुझं-माझं तसं कधीच मिटलं नाही, कारण तसं आपलं कधी भांडणही झालं नाही.

तू पुन्हा गेलीस. म्हातारीला शिकवलंस, कुणाला कधी पाणी द्यायचं, कुणाला कुशीवर निजवायचं, रडणाऱ्याला कशात गुंतवायचं. हजेरीत म्हातारीचं नाव लागत राहिलं. तू सांगायचीस, ती फार जोरात 'हव' म्हणते, आणि सांगताना तुझा ओठ किंचित वाकडा व्हायचा. तेवढा हेवा तू शेवटपर्यंत ठेवलास. मी नागपूरला परत निघाले त्या दिवशी तू तळ्यावरून थेट स्टेशनवर आलीस, गाडी सुटायला थोडाच वेळ असताना. मला जवळ घेतलंस. तुझ्या खांद्यावर कुणाच्या तरी लाळेचा ओला डाग होता आणि तुला दुसऱ्यांच्या लेकरांचा वास येत होता. सासरच्यांनी मला नोकरी सोडायला सांगितली तेव्हा फोनवर तू म्हणालीस, "सोडू नको. हाजरीत नाव राहू दे तुझं." मी सोडली नाही. आज बँकेत मोठ्या खुर्चीवर बसते ती त्या वाक्यामुळे. पण ते वाक्यही तू तिच्या तळ्यावरूनच आणलं होतंस.

तुझ्या शेवटच्या, दवाखान्यातल्या दिवसांबद्दल मी कधी कुणाशी बोलले नाही. मी नागपूरहून आले तेव्हा तुझा अर्धा चेहरा ओढला गेला होता आणि शब्द जड येत होते. मी तुझा हात धरून बसले होते. तू डोळे उघडलेस, दाराकडे पाहिलंस आणि विचारलंस, "ती आली का?" मला वाटलं, तू मला ओळखलं नाहीस. मी वाकून म्हटलं, "आले ना आई. ही काय मी." तू माझ्याकडे नीट पाहिलंस. ओळखलंस. अगदी स्वच्छ ओळखलंस. आणि म्हणालीस, "तू नाई वं. ती." मग डोळे मिटलेस. बाबांनी फाट्यावरच्या चहावाल्याला फोन करून निरोप दिला, पण तो निरोप गावात पोचेपर्यंत तू गेली होतीस. ती तिसऱ्या दिवशी आली. वर आलीच नाही. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहिली, पाणी दिलं ते प्यायली आणि निघून गेली. त्या दिवशी आमच्यात एका शब्दाचंही बोलणं झालं नाही.

आता बदली होऊन मी रायपुरातच, शंकर नगरात राहते. बाबाही गेले. तुझी नात कॉलेजात जाते, तिचं कॉलेज नव्या राजधानीकडे आहे. मराठी सगळं समजतं तिला, उत्तर हिंदीत देते. गेल्या आठवड्यात तिला घेऊन परतताना मी गाडी त्या फाट्यावरून आत घ्यायला सांगितली. का सांगितली, मलाच कळलं नाही. तो रुंद रस्ता आता गावाच्या अंगावर आला आहे, शेतांच्या जागी खांब रोवलेत, पण तळं आहे. भरलेलं आहे. पायऱ्या बांधल्या आहेत, बाया कपडे धूत होत्या. "मम्मी, यहाँ क्या है?" तुझ्या नातीनं विचारलं. मी काही सांगणार तोच वरच्या पायरीवर बसलेली एक म्हातारी काठी टेकत उठली आणि माझ्याकडे न पाहता सरळ तिच्याकडे गेली. धमतरहिनच होती ती; तिनं दोन्ही हातांत पोरीचा चेहरा धरला. "दीदी के नातिन?" मी मान हलवली. तिनं तिला असं कुरवाळलं की एरवी कुणाला गालाला हात लावू न देणारी ती पोर तशीच उभी राहिली. मग ती म्हातारी तिला सांगायला लागली, तुझी आजी इथं बसायची, या झाडाखाली, एकदा तिनं माती डोक्यावर घेतली आणि सगळी अंगावर सांडली. दोघी हसायला लागल्या. मी गाडीपाशी उभी होते.

निघताना तिनं माझा हात धरला. आयुष्यात पहिल्यांदा. तिचे डोळे आता पांढरट झालेत, तिला मी किती दिसत होते कुणास ठाऊक. म्हणाली, "एक बात पूछँव, नोनी?" नोनी म्हणजे मुली. "दीदी ह आखरी म मोर सुरता करिस का?"

शेवटी माझी आठवण काढली का, एवढंच विचारत होती ती. इतकी वर्षं विचारायची थांबली होती. उत्तर माझ्या तोंडात तयार होतं, तुझ्याच शब्दांत, तुझ्याच जड आवाजात. मी म्हटलं, "सबकी याद करती थीं." ती "हव" म्हणाली आणि माझा हात सोडला.

हे लिहायला तुझा पत्ता लागत नाही, हेच बरं आहे. तू हे वाचलं असतंस तर माझ्याकडे नुसतं पाहिलं असतंस. आई, तू सगळ्यांची आठवण काढली नव्हतीस. माझी नाही, बाबांची नाही. एकीचीच काढलीस, आणि ते फक्त मला माहीत आहे. तिचं वय झालंय, फार दिवस थांबता येणार नाही, हेही मला कळतं. गाव काही लांब नाही. पण आज रविवार होता, सुट्टी होती, आणि मी गेले नाही.